महिनाअखेर

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात २००७ हे साल बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन थांबल्याचं साल म्हणून लोकांच्या लक्षात आहे. स्कूटरचा जमाना सरला होता. काम चाकण, वाळूज आणि उत्तराखंडातल्या पंतनगरकडे गेलं आणि मुंबई-पुणे रस्त्यावरच्या त्या प्रसिद्ध गेटातून आत जाणाऱ्या पाळ्या बंद झाल्या. त्याच वर्षी त्याच समूहातल्या एका लहान कंपनीत राजीव जैन हे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून रुजू झाले. कंपनीचं नाव बजाज ऑटो फायनान्स. स्कूटर आणि रिक्षा हप्त्यानं विकता याव्यात म्हणून १९८७ मध्ये ती काढलेली होती. २०१० मध्ये नावातला ‘ऑटो’ गळाला आणि कंपनी टीव्ही, फ्रिज, मोबाइल, लग्न, दवाखाना, घर, दुकान अशा सगळ्यासाठी कर्ज देऊ लागली. मार्च २००८ मध्ये तिची एकूण कर्जं अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये हा आकडा ४ लाख १६ हजार कोटींच्या पुढे गेला. कर्मचारी पन्नास हजारांहून अधिक झाले. पुण्याच्या विमाननगरमधलं तिचं मुख्यालय आज शहरातल्या पदवीधर मुलांना कारखान्यांच्या गेटांपेक्षा जास्त ओळखीचं आहे.

आकुर्डीत ज्यांच्या वडिलांनी जुळणीच्या पट्ट्यावर काम केलं, त्यांची मुलं आज कर्ज विकतात किंवा वसूल करतात. हा बदल केवळ पगाराचा किंवा कपड्यांचा नाही, कामाच्या स्वभावाचा आहे. स्कूटर तपासणी होऊन गेटाबाहेर गेली की कामगाराचा तिच्याशी संबंध संपायचा. कर्जाचं उलटं असतं. ते दिलं त्या दिवशी काम सुरू होतं आणि दिलेला निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायला सहा महिने, वर्ष, कधी तीन वर्षं लागतात. पण ते देणाऱ्याचं मोजमाप मात्र तीस दिवसांत होतं. कर्जाचं आयुष्य वर्षांचं आणि नोकरीचं माप महिन्याचं, या विसंगतीतून वाढत्या वित्तकंपनीतल्या नोकरीचे बहुतेक आनंद आणि बहुतेक यातना निघतात.

आनंदही खरे आहेत आणि ते आधी सांगायला हवेत.

धनत्रयोदशीच्या दिवशी लातूर, सांगली किंवा जळगावच्या कुठल्याही मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलं की एका कोपऱ्यात छोटं टेबल मांडलेलं दिसतं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, समोर रांग. बी.कॉम. किंवा बी.ए. झालेला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आधार आणि पॅन टिपतो, सिबिल स्कोअर पाहतो आणि काही मिनिटांत समोरच्या कुटुंबाला वॉशिंग मशीन घेऊन घरी जाता येतं. वीस वर्षांपूर्वी याच कुटुंबाला बँकेत जामीनदार शोधावा लागला असता, किंवा भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबावं लागलं असतं. त्या मुलासाठी हा दिवस वर्षातला सर्वांत दमवणारा आणि सर्वांत कमाईचा. जेवायला वेळ नसतो, पण इन्सेंटिव्हचा आकडा डोळ्यांसमोर वाढत असतो. तालुक्याच्या गावी अशी नोकरी सहज मिळत नाही. इथे वशिला लागत नाही, स्पर्धा परीक्षेची पाच वर्षं घालवावी लागत नाहीत, आणि काम दाखवलं तर सत्ताविसाव्या वर्षी चार तालुक्यांची जबाबदारी हाती येते. वाढत्या कंपनीत दर वर्षी नव्या शाखा उघडतात, म्हणून दर वर्षी नव्या शाखाप्रमुखांच्या जागा निर्माण होतात. सरकारी बँकेत ज्या खुर्चीसाठी बराच काळ थांबावं लागतं, ती इथे लवकर मिळू शकते.

मुंबईत या चढणीचा सर्वांत लखलखीत नमुना म्हणजे एचडीएफसी बँक. १९९४ च्या ऑगस्टमध्ये कंपनी म्हणून तिची नोंदणी झाली. क्वालालंपूरमधली सिटीबँकेची बडी नोकरी सोडून आदित्य पुरी आले आणि वरळीच्या सँडोज हाउसमध्ये मोजक्या माणसांनी काम सुरू केलं. पुढे बँकेचा पसारा लोअर परळला गेला, कमला मिलच्या आवारात आणि सेनापती बापट मार्गावर. ज्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर हजारो घरांतल्या चुली थंडावल्या, तिथेच संगणकासमोर बसणाऱ्यांची नवी पाळी भरू लागली. गिरणी कामगारांची सगळीच मुलं तिथे शिरली नाहीत. बरीचशी कॉल सेंटरला, सुरक्षारक्षकाच्या केबिनला किंवा कुरियरला लागली, आणि हे विसरून या भागाच्या कायापालटाचं कौतुक करणं अन्यायाचं होईल. पण ज्यांनी इंग्रजी आणि कॉमर्सचा उंबरठा ओलांडला, त्यांच्यासाठी दार उघडं होतं. २००० मध्ये टाइम्स बँक, २००८ मध्ये सेंच्युरियन बँक ऑफ पंजाब आणि १ जुलै २०२३ ला खुद्द एचडीएफसी ही मातृसंस्था या बँकेत विलीन झाली. मार्च २०२४ मध्ये कर्मचारी दोन लाख तेरा हजारांवर होते. सुरुवातीच्या वर्षांत पगाराबरोबर ज्यांना शेअर मिळाले आणि ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांची निवृत्ती निश्चिंत झाली. नंतर आलेल्यांच्या वाट्याला मोठं नाव आणि मोठं टार्गेट आलं.

हा ‘आधी’ आणि ‘नंतर’मधला फरक समजून घ्यायचा तर थोडं गणित करावं लागतं. हे गणित वित्तकंपनीतल्या प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

समजा एका कंपनीनं पहिल्या वर्षी १०० कोटींची कर्जं दिली. दुसऱ्या वर्षअखेर तिची कर्जं २०० कोटी झाली, तिसऱ्या वर्षअखेर ४००. दिलेल्या कर्जांपैकी ६ टक्के वर्षभरानं बुडतात असं धरू आणि सोयीसाठी परतफेड बाजूला ठेवू. तिसऱ्या वर्षअखेर बुडालेली रक्कम जुन्या २०० कोटींच्या ६ टक्के, म्हणजे १२ कोटी. पण ती मोजली जाते ४०० कोटींच्या पोटात, म्हणून ताळेबंदात बुडीत प्रमाण दिसतं ३ टक्के. आता चौथ्या वर्षी वाढ थांबली. कर्जं ४०० कोटींवरच राहिली आणि बुडालेली रक्कम झाली २४ कोटी. प्रमाण एकदम ६ टक्के. कर्ज देताना कुणीही आधीपेक्षा जास्त चूक केलेली नाही. फक्त वाढीनं झाकलेलं उघडं पडलं.

वाढ चालू असताना म्हणूनच सगळे हुशार वाटतात. शाखेतला मुलगा, त्याचा मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर, गुंतवणूकदार. आणि वाढ थांबली की खालून वर शोध सुरू होतो: ही फाइल कुणी लॉगिन केली होती? तोवर ती करणारा बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला त्याचं ओझं वाहावं लागतं.

हे सगळं सर्वांत उघडपणे घडलं ते आंध्र प्रदेशात, २०१० मध्ये. एसकेएस मायक्रोफायनान्स ही विक्रम अकुला यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली संस्था. गरीब बायकांना तारणाशिवाय छोटी कर्जं द्यायची, पाचपाच जणींचे गट करायचे आणि एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, ही पद्धत बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या वळणाची. पण अकुलांनी तिला वेगाचं तंत्र जोडलं. प्रशिक्षण, कागदपत्रं, बैठकीतला क्रम, सगळं साचेबद्ध केलं, म्हणजे नवा माणूस थोड्या आठवड्यांत कामाला लागावा. २०१० च्या मार्चपर्यंत कंपनीचे सुमारे ६८ लाख सभासद झाले होते, शाखा दोन हजारांवर गेल्या होत्या आणि कर्मचारी एकवीस हजारांच्या आसपास होते.

या एकवीस हजारांतले बहुसंख्य क्षेत्रीय कर्मचारी होते. बहुतेक सूक्ष्मवित्त कंपन्यांत या कामाचा दिवस एकसारखाच असतो. सकाळी सातच्या आत मोटारसायकल निघते. पहिल्या गावात बायका एखाद्या ओसरीवर ओळीनं बसलेल्या असतात, शपथ म्हटली जाते, हजेरी होते, पैसे मोजले जातात, आणि पुढचं गाव. दुपारी शाखेत रोकड जमा, संध्याकाळी नव्या सभासदांची चौकशी. स्वतःच्या गावी नेमणूक सहसा देत नाहीत, कारण ओळखीत भीड पडते आणि संगनमताची शक्यता असते. त्यामुळे चार-पाच अविवाहित मुलं शाखेच्याच मागच्या खोलीत राहतात. खिशात रोज हजारो रुपये घेऊन आडवाटेनं जाणाऱ्या या मुलांवर हल्ले होतात, लूटमार होते. पण ती शेतकऱ्यांची मुलं असतात, दर महिन्याला घरी पैसे पाठवतात, आणि गावातल्या बायका त्यांना ‘सर’ म्हणतात. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलाच्या आयुष्यात त्या हाकेचं मोल फार मोठं असतं.

ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएसचा शेअर बाजारात नोंदला गेला. ९८५ रुपयांना विकलेल्या या शेअरला सुमारे तेरा पट मागणी आली. गरिबांना कर्ज देणारी कंपनी दलाल स्ट्रीटची लाडकी झाली. पण आंध्रातल्या खेड्यांत तोवर एकाच बाईच्या नावावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं चढली होती. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फेडला जात होता. प्रत्येक कंपनीच्या माणसाला नवे सभासद हवे होते आणि गावातल्या बायका त्याच होत्या. त्यानंतर आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि त्यांचा संबंध वसुलीच्या जाचाशी जोडला गेला. १५ ऑक्टोबर २०१० ला राज्य सरकारनं अध्यादेश काढला. आठवड्याची वसुली बंद, कंपन्यांना नोंदणी सक्तीची, जबरदस्ती केल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. जवळजवळ शंभर टक्के असणारी राज्यातली वसुली दहा टक्क्यांच्या आसपास घसरली.

या घसरणीला पहिलं तोंड त्या मोटारसायकलवाल्या मुलाला द्यावं लागलं. ज्या ओसरीवर काल त्याला पाणी दिलं जात होतं, तिथे आज गाव उभं राहून त्याला परत पाठवत होतं. अटकेची भीती त्याला होती, कारण हप्ता मागायला दारात जाणारा तोच होता. कर्ज किती द्यावं, किती वेगानं वाढावं, शेअर कधी बाजारात आणावा, यांतला एकही निर्णय त्याचा नव्हता. आर्थिक वर्ष २०११-१२ मध्ये कंपनीला १,३६१ कोटींचा तोटा झाला, शेअर शंभर रुपयांच्या खाली आला आणि आंध्रातल्या अनेक शाखा बंद करून हजाराहून अधिक माणसांना घरी पाठवलं गेलं. मुख्य कार्यकारी अधिकारी सुरेश गुरुमणी यांना तर अध्यादेशाच्याच महिन्यात हटवण्यात आलं होतं. अकुलाही पुढच्या वर्षी बाहेर पडले. रिझर्व्ह बँकेनं वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर व्याजावर, एका कर्जदाराच्या एकूण कर्जावर आणि त्याला कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या संख्येवर मर्यादा आल्या. कंपनी मात्र तगली. २०१६ मध्ये तिचं नाव भारत फायनान्शियल इन्क्लुजन झालं आणि २०१९ मध्ये ती इंडसइंड बँकेत विलीन झाली.

महाराष्ट्रानं याची छोटी आवृत्ती नोटाबंदीनंतर पाहिली. नोव्हेंबर २०१६ नंतर विदर्भात हप्त्यांची वसुली झपाट्यानं घसरली. हातात चालणाऱ्या नोटा नव्हत्या, हे पहिलं कारण. मग कर्जमाफी होणार, हप्ते भरू नका, असा प्रचार सुरू झाला. तिथल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा तेच करावं लागलं: रोज त्याच दारात जायचं, रोज रिकाम्या हातानं परतायचं आणि संध्याकाळी शाखेत त्याचा हिशोब द्यायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हा आंध्र आणि विदर्भ पाहिलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांना पुढचं चित्र कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

वसुली हे या धंद्याचं असं अंग आहे की त्यावर कुणी अभिमानानं बोलत नाही, आणि तरी सगळी इमारत त्यावर उभी असते. तिची स्वतःची भाषा आहे. हप्ता चुकल्याच्या दिवसांवरून खाती ‘बकेट’मध्ये पडतात: तीस दिवसांपर्यंत पहिली, साठपर्यंत दुसरी, नव्वदपर्यंत तिसरी. नव्वदच्या पुढे खातं अनुत्पादक ठरतं. खातं पुढच्या बकेटमध्ये घसरू न देणं म्हणजे ‘स्टॅब’ आणि मागच्या बकेटमध्ये आणणं म्हणजे ‘रोलबॅक’. महिनाअखेरच्या शेवटच्या तीन दिवसांत वसुलीवाला दुसऱ्याच्या घराबाहेर जितका वेळ उभा असतो, तितका स्वतःच्या घरात नसतो. ज्याच्या दारात तो उभा असतो त्याची नोकरी गेलेली असते, किंवा घरात आजारपण असतं, किंवा त्यानं खरोखर फसवायचं ठरवलेलं असतं. तिन्ही माणसांशी एकाच आवाजात बोलायचं नसतं, हे चांगल्या वसुलीवाल्याला कळतं. पण ते शिकवायला वेळ कुणाकडे असतो?

तो वेळ न दिल्याचे परिणाम नोंदलेले आहेत. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका खासगी बँकेला गुंडांमार्फत वसुली करण्यावरून खडसावलं. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं वसुली एजंटांच्या वर्तनासंबंधीच्या तक्रारींवरून बजाज फायनान्सला अडीच कोटींचा दंड केला. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातल्या हजारीबागला ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गरोदर स्त्रीचा जीव गेला आणि महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करायला काही महिने मनाई झाली. त्याच्या आधीच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं सर्वांना बजावलं होतं की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. नियम योग्यच आहे. पण ज्या मुलाला रात्री नऊला आकडा मागितला जातो, त्याला सातला फोन ठेवायला सांगणं पुरेसं नाही. वरचा फोनही सातला थांबायला हवा.

वरचा फोन कसा असतो, हे जून २०२३ मध्ये साऱ्या देशानं ऐकलं. कोलकात्यातला एचडीएफसी बँकेचा एक अधिकारी ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांवर खाती आणि विमा विकण्याच्या आकड्यांवरून ओरडत होता. चित्रफीत पसरली, बँकेनं त्याला निलंबित केलं. एका माणसाला निलंबित करणं सोपं होतं. तशाच बैठका इतर अनेक कंपन्यांत, इतर अनेक शहरांत रोज सकाळी भरतात. पुढच्या वर्षी झाशीतल्या एका वित्तकंपनीच्या क्षेत्र व्यवस्थापकानं आत्महत्या केली आणि मागे ठेवलेल्या पत्रात टार्गेटच्या दबावाबद्दल लिहिलं. त्याचं काम वसुलीशी संबंधित होतं. कर्जदाराच्या दारात दबाव पोचवणारा माणूस स्वतःही त्याच दबावाखाली मरू शकतो, हे मान्य करायला या क्षेत्राला वेळ लागला.

लोक मात्र केव्हाच पायांनी मत देत आहेत. एचडीएफसी बँकेत २०२२-२३ या वर्षात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढच्या वर्षी ते २७ टक्क्यांपर्यंत खाली आलं. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२४ च्या अहवालात नोंदवलं की काही खासगी बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांत हे प्रमाण तीन वर्षं सरासरी २५ टक्क्यांच्या घरात आहे, आणि २०२३-२४ मध्ये खासगी बँकांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या सरकारी बँकांच्या पुढे गेली आहे. म्हणजे देशातल्या बँकिंगचा मोठा हिस्सा आता अशा ठिकाणी चालतो, जिथे दर चार वर्षांत जवळजवळ सगळी माणसं बदलू शकतात. ग्राहकाला कर्ज देणारा, त्याचा शेतीचा हंगाम ठाऊक असणारा, त्याच्या दुकानाची मंदी समजून घेणारा माणूस निघून जातो. मागे राहतो तो खाते क्रमांक. अहवालानं या गळतीला कामकाजातला धोका म्हटलं आणि ती थांबवणं हे फक्त एचआरचं काम नाही, असंही बजावलं.

ऑन-रोल आणि ऑफ-रोल हा आणखी एक भेद आहे. दुकानातल्या टेबलावरची आणि वसुलीच्या फोनवरची कित्येक मुलं कंपनीची नसतातच. ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारावर असतात. शर्टावर नाव मोठ्या कंपनीचं आणि पगाराच्या चिठ्ठीवर दुसरंच. तेजीत यांचीच भरती आधी होते आणि नियामकानं एखादं कर्ज थांबवलं तर यांचंच टेबल आधी उचललं जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बजाज फायनान्सच्या दोन प्रकारच्या डिजिटल कर्जांवर, ग्राहकाला अटींचं सुस्पष्ट पत्रक न दिल्याच्या कारणानं, बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या सहा महिन्यांत त्या कर्जांवर ज्यांचं इन्सेंटिव्ह अवलंबून होतं, त्यांची मिळकत कंपनीच्या नफ्यापेक्षा कितीतरी नाजूक होती.

वित्तक्षेत्रातल्या सगळ्यांचीच नोकरी इतकी नाजूक नसते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा मुंबईत पवईतल्या तिच्या कार्यालयातली माणसं न्यूयॉर्कच्या बातम्यांकडे डोळे लावून बसली होती. महिन्याभरात जपानच्या नोमुरानं तो सगळा कारभार विकत घेतला आणि बहुतेकांच्या खुर्च्या वाचल्या. त्यांचं कौशल्य विकत घेण्याजोगं मानलं गेलं. दाराशी जाणाऱ्या मुलाचं कौशल्य अजून कुणी तसं मानत नाही, आणि खरा बदल इथूनच सुरू व्हायला हवा.

तो कसा करता येईल याचा नमुना रिझर्व्ह बँकेच्याच नियमांत आहे. खासगी बँकांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसाठी आणि मोठे धोके पत्करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी २०१९ मध्ये तिनं मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या कामगिरीवर मिळणाऱ्या मोबदल्याचा किमान साठ टक्के भाग निदान तीन वर्षांत पसरून द्यायचा, आणि दरम्यान निर्णय चुकीचे ठरले तर तो रोखायचा किंवा परत घ्यायचा. एप्रिल २०२३ पासून बिगरबँक वित्तकंपन्यांच्या वरिष्ठांनाही याच धर्तीची तत्त्वं लागू झाली. कर्जाचं आयुष्य वर्षांचं असतं, हे वरच्या मजल्यावर मान्य झालं आहे. खाली ते पोचलेलं नाही. काही कंपन्या पहिलाच हप्ता चुकला तर विक्री करणाऱ्याचं इन्सेंटिव्ह कापतात. म्हणजे चूक लगेच वसूल होते, पण तीन वर्षं नीट फेडल्या गेलेल्या कर्जाचं श्रेय देणाऱ्याला मिळत नाही. ते मिळायला हवं. पक्का पगार मोठा आणि महिन्याचं बक्षीस लहान हवं. एखाद्या विभागात वर्षभरात किती माणसं सोडून गेली, हा आकडा त्या विभागप्रमुखाच्या बढतीत त्याच्या विक्रीइतकाच धरला जावा. ऑफ-रोल मुलाला तीन वर्षांनी ऑन-रोल होण्याचा लेखी हक्क असावा. यातलं काहीही कंपन्यांना न परवडणारं नाही, कारण दर वर्षी चौथा हिस्सा माणसं नव्यानं भरायचा आणि शिकवायचा खर्च त्या आजही करतच आहेत.